गायरानाची पावती आणि ग्रामसभेची वही

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त पोखर्णी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही विद्वान नाही. कॉलेजची पायरी चढलो नाही. जे वाचलं ते गिरणीतली पाळी संपल्यावर, कंदिलाच्या आणि पुढे विजेच्या उजेडात. त्यामुळे बोलण्यात चूकभूल झाली तर पोटात घाला. समितीने आम्हाला सांगितले, धम्मावर दोन शब्द बोला. आम्ही म्हणालो, बोलतो, पण आज आम्हाला शेतीवर आणि ग्रामपंचायतीवर बोलायचे आहे. एकदोघांनी तोंडाकडे पाहिलं. विहारात ग्रामपंचायत कशाला? इथं पंचशील घ्यायचं, वंदना घ्यायची, खीर खायची आणि घरी जायचं!

बंधू-भगिनींनो, ग्रामसभेचा विषय विहारात आम्ही नाही आणला, तो तथागतांनी आणला. महापरिनिब्बान सुत्ताच्या सुरुवातीलाच काय आहे? मगधाचा राजा अजातशत्रू वज्जींच्या गणराज्यावर चाल करून जायला निघाला. त्याने आपला मंत्री वस्सकार याला बुद्धांकडे पाठवले. बुद्धांनी त्याला परस्पर उत्तर दिले नाही. जवळ आनंद उभे होते, त्यांना विचारले, वज्जी लोक वारंवार सभा भरवतात का? एकत्र जमतात, एकत्र उठतात आणि एकोप्याने आपली कामे करतात का? आनंद म्हणाले, होय, असं ऐकलं आहे. बुद्धांनी सांगितले, जोवर ते असं करतील तोवर त्यांची हानी होणार नाही, वाढच होईल. अशा सात गोष्टी त्यांनी सांगितल्या. त्यात पहिला मान सभेला आहे. तलवारीचं, घोड्यांचं नावही नाही. ज्याची सभा भरते तो टिकतो, ज्याची सभा मोडते तो संपतो.

आणि शेतीचं म्हणाल तर कूटदंत सुत्त वाचा. राजाच्या राज्यात चोऱ्या-दरोडे वाढले होते. राजाला मोठा यज्ञ करायचा होता. पुरोहिताने सांगितले, महाराज, लोकांना मारून आणि दंड करून हे थांबणार नाही. जो शेती करतो त्याला बी-बियाणे आणि चारा द्या, जो व्यापार करतो त्याला भांडवल द्या, जो चाकरी करतो त्याला पगार द्या. मग लोक आपापल्या कामाला लागतील आणि दारं उघडी टाकून सुखानं राहतील. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही शेतीयोजना आहे. तेव्हा आम्ही विषय सोडून बोलतोय असं कुणी समजू नये.

आता गिरणीची एक गोष्ट सांगतो, कारण आमचं पुढचं सगळं बोलणं तिच्यावर उभं आहे. आम्ही विशीत कापसाच्या जिनिंगवर लागलो. नवखे होतो. आठ दिवस सरक्या उचलल्या, रुईच्या गाठी ओढल्या. हप्त्याच्या दिवशी हातावर पाच दिवसांचे पैसे पडले. आम्ही म्हणालो, साहेब, आठ दिवस भरलेत. त्याने मस्टर पुढे सरकवला. म्हणाला, दाखव. मस्टरवर पाचच हजेऱ्या होत्या. घाम आठ दिवसांचा, कागद पाच दिवसांचा. पैसे मिळाले ते कागदाचे. त्या दिवशी एका जुन्या कामगाराने आम्हाला बाजूला घेऊन सांगितले, पोरा, काम करताना हात चालव, पण पाळी संपली की डोळे चालव. मस्टर बघितल्याशिवाय गेटच्या बाहेर पडू नको. आमचं खरं शिक्षण तिथून सुरू झालं. आम्हाला लिहाय-वाचायची गोडी पुस्तकानं नाही लावली, मस्टरनं लावली.

गावात दोन मस्टर असतात. एक तलाठ्याच्या दप्तरात आणि दुसरा ग्रामपंचायतीच्या कपाटात. 2024 पासून तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणू लागले. नावं बदलली, दप्तर तेच. त्या दप्तरात तुमचं नाव आहे का, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे.

पहिला मस्टर घेऊ. आमच्या वडिलांना बापजाद्याची जमीन नव्हती. गावाबाहेरचं गायरान होतं, दगडगोट्याचं, बोरीबाभळीचं. वडिलांनी आणि आमच्या मायनं तीन वर्षं गोटे वेचले आणि त्यात ज्वारी पेरली. दरवर्षी सरकारी माणूस यायचा, अतिक्रमणाचा दंड करायचा आणि पावती द्यायचा. वडिलांना वाटायचं, दंड म्हणजे शिक्षा. अपमान वाटायचा. ते ती पावती चुरगाळून छपराच्या आढ्यात खोचायचे. शेजारच्या गावात आमचे एक नातेवाईक होते, त्यांनी प्रत्येक पावती पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली. पुढे 28 नोव्हेंबर 1991 चा शासन निर्णय आला. ज्या भूमिहीन मागासवर्गीयांनी 14 एप्रिल 1990 पूर्वी गायरान वहितीला आणलं, त्यांचं अतिक्रमण नियमानुकूल करायचं, असा तो निर्णय. पुरावा मागितला. पुरावा म्हणजे काय? तीच दंडाची पावती आणि गाव नमुना एक-ई मधली नोंद! आमच्या पावत्या वाळवीनं खाल्ल्या होत्या. कचेरीत गेलो तर त्या वर्षांची नोंदवही सापडत नाही असं सांगितलं. नातेवाइकांचा सात-बारा झाला. आमचे वडील शेवटपर्यंत अतिक्रमणदारच राहिले. जमीन दोघांनीही सारखीच कसली होती. फरक पडला तो पत्र्याच्या डब्याचा.

हे आम्ही रडगाणं म्हणून सांगत नाही. त्या पावतीमागं केवढी लढाई उभी होती ते आम्हाला फार उशिरा कळलं, म्हणून सांगतो. आपला मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळात भाऊसाहेब मोरे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून बाबासाहेबांचा विचार पेरला. 1938 ची कन्नडजवळची मक्रणपूरची परिषद आपल्या लोकांना ठाऊक आहे. 1953 साली मराठवाड्यात पडीक आणि गायरान जमिनींसाठी सत्याग्रह झाला. पुढे कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 साली आणि डिसेंबर 1964 मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, बायाबापड्या लेकरं काखेत घेऊन तुरुंगात गेल्या. त्या रेट्यामुळं सरकारला 1978 चा आणि 1991 चा निर्णय काढावा लागला. म्हणजे वडिलांच्या हातातली ती चुरगाळलेली पावती हजारो लोकांच्या तुरुंगवासाची कमाई होती. आणि आम्ही ती आढ्यात खोचली!

आता दार आणखी अरुंद झालं आहे. जानेवारी 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणांविरुद्ध निकाल दिला. त्याच वर्षी 12 जुलैला महाराष्ट्र शासनाने त्यानुसार निर्णय काढला. ऑक्टोबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांवरची अतिक्रमणं काढण्याचा आदेश दिला, तेव्हा गावोगाव नोटिसा आल्या आणि गोरगरिबांची झोप उडाली. न्यायालयाचा रोख धनदांडग्यांच्या कब्जावरही होता हे खरं. पण नोटीस आल्यावर धनदांडग्याकडे वकील असतो, आपल्याकडे पावतीही नसते. म्हणून आम्ही म्हणतो, ज्यांच्या घरी 1990 पूर्वीचा चिठोरा जरी असेल त्यांनी तो आजच्या आज शोधावा, त्याच्या चार प्रती काढाव्यात आणि एक प्रत या विहारात ठेवावी.

सात-बारा नसला की काय होतं? पीककर्ज नाही. पीकविमा नाही. केंद्राचे वर्षाचे सहा हजार नाहीत. 2021 पासून ई-पीक पाहणी आली, ती मोबाइलवर करायची, पण ज्याचं खातंच नाही त्यानं काय नोंदवायचं? आता शेतकरी ओळख क्रमांक आला, तोही सात-बाऱ्यावरून. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली ती तुम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली. सोयाबीन पाण्यात सडलं, कापसाची बोंडं काळी पडली. पावसानं हे गायरान, ते खासगी असा भेद केला नाही. पंचनाम्यानं केला. आणि नुसतं गायरानवाल्याचं नाही, बटईनं करणाऱ्याचंही तेच. बटईचा करार तोंडी, बी-खत बटईदाराचं, मरमर त्याच्या बायकोची, आणि भरपाई जाते ज्याच्या नावावर सात-बारा त्याच्या खात्यावर. सगळेच मालक ती दाबून ठेवतात असं आम्ही म्हणत नाही, वाटून देणारेही आहेत. पण हक्कानं मिळणं वेगळं आणि कुणाच्या भलेपणानं मिळणं वेगळं. बाबासाहेबांनी आपल्याला हक्क शिकवला.

आता दुसऱ्या मस्टरकडे येऊ, तो म्हणजे ग्रामसभेची वही. बाबासाहेबांचं ग्रामपंचायतीबद्दल काय मत होतं? 6 ऑक्टोबर 1932 रोजी मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायतीचं विधेयक आलं, तेव्हा त्यांनी त्यावर कडाडून टीका केली. अस्पृश्यांना स्वतंत्र प्रतिनिधित्व नसेल तर ही पंचायत आमच्यावर राज्य करणारी होईल, न्यायनिवाड्याचे अधिकार तर तिला मुळीच देऊ नका, असा त्यांचा मुद्दा होता. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत त्यांनी खेड्याचं गोडवं गाणाऱ्यांना सुनावलं. कारण त्यांनी गाव पाहिलं होतं ते वेशीच्या आतून नाही, बाहेरून. मग आम्ही तरुणपणी काय समजलो? बाबासाहेबांनी गाव नाकारलं, तेव्हा ग्रामपंचायत आपली नाही. ही आमची चूक झाली. बाबासाहेबांचा विरोध पंचायतीत बसण्याला नव्हता. आपल्याला बाहेर ठेवून चालणाऱ्या पंचायतीला होता.

ती अट पुढे पुष्कळ अंशी पूर्ण झाली. महाराष्ट्रात 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा आल्या. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली आणि लोकसंख्येच्या प्रमाणात आपल्या जागा राज्यघटनेत लिहिल्या गेल्या, नुसत्या सदस्यांच्या नाही, सरपंचाच्या आणि अध्यक्षाच्यासुद्धा. महिलांना आधी एक तृतीयांश आणि 2011 पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा मिळाल्या. त्याच दुरुस्तीने राज्यघटनेला अकरावी अनुसूची जोडली. पंचायतींकडे सोपवायचे 29 विषय तिच्यात आहेत. पहिला विषय कोणता, सांगा बरं? शेती! दुसरा जमीन सुधारणा आणि मृदसंधारण. रस्ते, दिवाबत्ती, पाणी हे सगळं नंतर.

पण खुर्ची मिळाली म्हणजे वही मिळाली असं नाही. एका गावची हकीकत सांगतो, गावाचं नाव घेत नाही. सरपंचपद राखीव झालं. आपली एक भगिनी सरपंच झाली. मोठी मिरवणूक निघाली, निळा गुलाल उधळला, आम्हीही नाचलो. दीड वर्षाने सहज भेटायला गेलो. विचारलं, ताई, या वर्षी मागासवर्गीयांच्या 15 टक्क्यांतून काय काम घेतलं? ती म्हणाली, दादा, वही घरी येते, मी सही करते, वही जाते. आत काय लिहिलंय ते त्यांनी कधी वाचून दाखवलं नाही. बाईचा दोष नाही. दोष आमचा. आम्ही तिला निवडून द्यायला शंभर जण होतो, वही वाचून दाखवायला एक जण गेला नाही.

नीट ऐका. कायद्यानं आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. त्यांची नोटीस सात दिवस आधी द्यावी लागते. त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यातली जी कमी ती संख्या. ती भरली नाही तर सभा तहकूब होते. आणि तहकूब झालेल्या सभेला पुन्हा गणपूर्तीची अट नाही! इथंच सगळी मेख आहे. पहिल्या दिवशी आपण येत नाही, सभा तहकूब. नंतर कुणाच्या तरी ओसरीवर पाच माणसं बसतात आणि अख्ख्या गावाचा ठराव होतो. विहीर कुणाला, घरकुल कुणाला, शेतरस्ता कुणाच्या बांधावरून, सगळं त्या पाच जणांत ठरतं. मग आपण पारावर बसून म्हणतो, आमच्यावर अन्याय झाला. अन्याय झालाच, पण त्याला गैरहजेरी आपली होती.

योजना नाहीत असं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना 2017 पासून जिल्हा परिषदेच्या कृषी विभागामार्फत चालते. नव्या विहिरीसाठी सुरुवातीला अडीच लाख रुपये होते. एक एकर, म्हणजे 0.40 हेक्टर जमीन मात्र नावावर पाहिजे. म्हणजे इथंही पहिला मस्टर आडवा आलाच. ज्याला जमीनच नाही त्याच्यासाठी 2004 पासून दादासाहेब गायकवाड सबळीकरण योजना आहे. चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत सरकारने विकत घेऊन द्यायची. आधी निम्मं अनुदान आणि निम्मं कर्ज होतं, 2018 पासून शंभर टक्के अनुदान. कागदावर सोनं आहे. पण सरकारी भावात आपल्याकडची काळी जमीन विकायला कोण पुढे येतो? म्हणून विक्रेता शोधणं, मोजणी, प्रस्ताव हे एकट्या भूमिहीनाचं काम नाही, समितीचं काम आहे. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातले 20 टक्के मागासवर्गीयांसाठी असतात, ते कुठं जातात हे विचारणारा माणूस आपल्यात हवा. 2022 साली मुदत संपल्यावर कित्येक वर्षं आपल्या जिल्हा परिषदेचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. विचारायला सदस्यच नव्हते. त्या काळात तर ग्रामसभेची वही हाच एक आवाज होता, आणि तोही आपण वापरला नाही.

परभणीत 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे. परभणी मोती ज्वारी तिथलीच. परभणीहून परळीच्या गाडीत बसलं की पोखर्णी नृसिंह स्टेशन लागतं, म्हणजे विद्यापीठ आपल्या उशाशी आहे. तरी आपली किती पोरं तिथं माती तपासायला घेऊन गेली? शेती म्हणजे आपल्यासाठी दुसऱ्याच्या रानातली मजुरी, हा समज आता काढून टाकला पाहिजे.

बंधूंनो, थोडं कटू बोलतो. 14 एप्रिलला आपण हजारांनी जमतो. जमलंच पाहिजे. पण 1 मेच्या ग्रामसभेला आपल्या वस्तीतली किती माणसं असतात? मधे सतरा दिवस. सतरा दिवसांत बाबासाहेब विसरायला होतात का?

10 डिसेंबर 2024 रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. जिल्हा पेटून उठला. त्यानंतर 15 डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी या तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. ती जखम अजून ओली आहे. काचेतल्या संविधानाला धक्का लागला तेव्हा आपल्या काळजाला धक्का लागला. मग आम्ही विचारतो, ग्रामसभेच्या वहीतही तेच संविधान आहे. ती सभा न भरता भरली असं लिहिलं जातं, तेव्हा आपलं काळीज का हलत नाही?

आता नुसतं भाषण ठोकून आम्ही खाली बसणार नाही. चार कामं मांडतो, पटली तर घ्या. पहिलं, विहारात एक पत्र्याची पेटी ठेवा. गायरानाच्या पावत्या, जुने पेरेपत्रक, खासरा, जातीचे दाखले, प्रत्येक कुटुंबाच्या प्रती तिच्यात. दुसरं, ग्रामसभेच्या आदल्या संध्याकाळी वंदनेनंतर अर्धा तास बसायचं, विषय ठरवायचे, लेखी द्यायचे आणि पोच घ्यायची. तिसरं, महिलांच्या सभेला आपल्या माय-माउल्यांनी दहा-दहाच्या गटानं जायचं. खुरपणी आणि वेचणी त्या करतात, कोणत्या रानाला पाणी आणि कोणत्या वाटेला चिखल हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. चौथं, सभा झाली की ठरावाची नक्कल मागायची. नाही दिली तर 2005 चा माहितीचा कायदा आहे, आणि अर्ज लिहायला दहावी-बारावी झालेली आपली पोरं आहेत. भांडण करायचं नाही, आवाज चढवायचा नाही. गावात जे इतर समाजाचे अल्पभूधारक आहेत त्यांचंही दुखणं हेच आहे, त्यांना सोबत घ्यायचं. वज्जींसारखं एकत्र जमायचं आणि एकत्र उठायचं.

आणि आणखी एक. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी घटना समितीला आठवण करून दिली होती की बसण्याची पद्धत, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सगळे सभेचे नियम बुद्धांच्या भिक्खू संघात होते. म्हणजे ग्रामसभेचे नियम आपल्याला परके नाहीत. ती आपल्याच घरातली हरवलेली वस्तू आहे.

आमचे वडील गेले तेव्हा आढ्यातून एक पावती सापडली. अर्धी वाळवीनं खाल्लेली. वर्षाचा आकडा गेलेला, फक्त त्यांचं नाव आणि दंडाची रक्कम शिल्लक. कचेरीच्या दृष्टीनं तिची किंमत शून्य. ती आम्ही आज सोबत आणली आहे. विहारात पेटी ठेवायचं ठरलं तर त्या पेटीत पहिला कागद आम्ही हा टाकू. कामाचा नाही म्हणूनच टाकू. पेटी उघडणाऱ्या प्रत्येक पोराला तो आधी दिसावा आणि बाकीचे कागद सांभाळायची आठवण राहावी.